दोन्ही बाह्या उजव्याच

सोमवार, ३ जून

टाचणीने मशीनवर कुंडी ठेवलीय! तिच्या लेकीने हौसेने नवीकोरी शिलाई मशीन घेऊन दिली, आणि ही बाई तिच्यावर झाड वाढवतेय.

बावीस वर्षं आम्ही दोघींनी ब्लाउजचं दुकान चालवलं. मी कापायची, ती शिवायची. गिऱ्हाइकांनी नावंच पाडली — मी कात्री, ती टाचणी. तिचा नवरा गेला, ती इथे परदेशात लेकीकडे आली. दोन वर्षं झाली, सुईला हात नाही. खिडकीत बसून बसस्टॉपवरची माणसं मोजते. आज म्हणाली, "अकरा." मी म्हटलं, मापं घे की मग त्यांची! हसली नाही. पूर्वी असल्या बोलण्यावर पट्टी फेकून मारायची.

मंगळवार, ४ जून

मुलाबरोबर आठ दिवस हिला भेटायला आलेय, तर घरून येताना एक ब्लाउज कापून आणलाय. माझ्याच मापाचा. म्हटलं, कापलेलं कापड समोर टाकलं की हिचे हात शिवशिवतील. सगळे बाजारात गेल्यावर गाठोडं सोडलं, बाह्या एकीवर एक ठेवल्या — दोन्ही उजव्या हाताच्या!

कापडाची उलट बाजू कुठली, सुलट कुठली, कापताना दिसलंच नाही मला. आयुष्यात पहिल्यांदा.

हल्ली या वहीतलं अक्षरही मोठं काढते, तरच वाचता येतं. मुलाला सांगायची सोय नाही. लगेच म्हणेल, आई, आता पुरे, कात्री ठेव. मग मी काय करू? बसस्टॉप मोजू?

गाठोडं बॅगेच्या तळाशी.

बुधवार, ५ जून

पाय दुखले. टाचणीची नात म्हणते, "आजी, उद्या शेवटचा दिवस." जसं मला ठाऊकच नाही!

गुरुवार, ६ जून

विमानतळावर बसून लिहितेय.

सकाळी मुलगा वजनकाटा घेऊन बॅगांशी झटत होता. "आई, दोन किलो जास्त! काय भरलंयस, दगड?" म्हणत एकेक वस्तू बाहेर. साड्या, चपला — आणि गाठोडं. मी उठेपर्यंत टाचणीने उचललं. जेवणाच्या टेबलावर सोडलं. पाठ, पुढा, पट्ट्या, सगळं हाताने चाचपलं. बाह्या जुळवल्या. थांबली.

"कात्रे, दोन्ही उजव्याच!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ओरडली, "मुद्दाम केलंस ना? मला मशीनवर बसवायला? तुझ्या खोड्या मला काय नव्या आहेत!"

"मग काय!" मी म्हटलं. "गोड बोलून पाहिलं आठ दिवस. गोड तुला पचतं कुठे?"

खोटं बोलले. चक्क.

तिने कुंडी उचलून नातीच्या हातात दिली आणि बसली की मशीनवर! उरलेल्या तुकड्यांतून डावी बाही कापली. कापड पुरेना, तर काखेत जोड दिला. चांगला आहे जोड, बोट लावल्याशिवाय कळायचा नाही. तोंड सुरूच — "ही मशीन आहे की मांजर, घुरघुरतेय नुसती! दोरा कुठला आणलायस गं?" लेक स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप धरून उभी. चहा प्यायचं तिला सुचेना.

मुलगा म्हणाला, "मावशी, टॅक्सी आली."

"उभी राहू दे. अर्धा ब्लाउज घेऊन जाणार का तुझी आई?"

हुक तेवढे राहिले. ब्लाउज माझ्या हातात कोंबला. "हुक तू लाव. घाई नाही." मग दारात मुलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. वाटलं, बॅगांबद्दल असेल.

रडली नाही. मीही नाही. निघताना वळून पाहिलं, तर खिडकीत कोणी नव्हतं. मशीनचा आवाज येत होता.

रविवार, १६ जून

टाचणीचा फोन. दोन शेजारणींचे झगे शिवून झाले, तिसरीचं माप घेतलंय. मी म्हटलं, बघ, माझी युक्ती!

"युक्ती कसली? मुद्दाम चुकायची अक्कल तुला कधी होती, कात्रे? डोळे दाखव आधी. मग हुक लाव."

मुलगा समोरच उभा होता. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. उद्या अकरा वाजता. म्हणाला, "मावशी म्हणाली, कात्री काढून घेऊ नकोस, नुसती धार लावून आण."