हिल्माच्या गादीवरचं पाणी

हॅनकॉक, बुधवार

प्रिय मेहुणे आर्वो यांस रेइनोचा मनापासून नमस्कार,

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या आइलीला सांग, तिचा वेलदोड्याचा पाव हल्ली आमच्याकडे येत नाही, विकत आणावा लागतो, आणि तो पाव नसून स्पंज असतो. दोन वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही, कारण हिल्मानं घरात तुझं नाव घ्यायला बंदी केली आहे. (अगदीच अडलं तर ती ‘तो ट्रेलरवाला’ म्हणते. सख्खा भाऊ असून.)

भांडणाचं मूळ तुला ठाऊकच आहे. तू तुझा तो गाडीमागं ओढायचा, आत झोपायची सोय असलेला ट्रेलर आम्हाला विकलास, आणि पुढच्या मे महिन्यात तळ्याकाठच्या पहिल्याच मुक्कामाला पाऊस येऊन हिल्माची गादी भिजली. फक्त तिच्या बाजूची. माझी बाजू ठणठणीत कोरडी राहिली, याचाही तिला रागच आला. मग तिनं तुला फोन करून बहिणीला फसवल्याबद्दल जे सुनावलं, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि शेजारच्या ओनीनं त्याच्या अंगणातून. तेव्हापासून मी छपराचे सांधे, दिव्याची बैठक, कोपऱ्यांच्या पट्ट्या असं दिसेल ते सिलिकॉननं बुजवत सुटलो. एकोणीस नळ्या संपल्या. (दार दोनदा चिकटलं, एकदा मी आत असताना.) गादी मात्र प्रत्येक पावसाला भिजायची, आणि प्रत्येक वेळी हिल्मा तुझा उद्धार करायची. नाताळला मात्र तुझा फोटो कपाटातून काढून पुसते आणि परत आत ठेवते. ते बघून मला बरं वाटत नाही.

शेवटी गेल्या शनिवारी ओनीनं मनावर घेतलं. त्यानं ट्रेलरचं दार आणि हवेचे झरोके चिकटपट्टीनं बंद केले, छताच्या झडपेतून पानं उडवायच्या मशीननं आत हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी फासलं. जिथं बुडबुडा तिथं गळती, असा हिशेब. तासभर आम्ही तिघं ट्रेलरभोवती फिरलो. एक बुडबुडा नाही. ओनी म्हणाला, “रेइनो, तुझा ट्रेलर पाणबुडीसारखा बंद आहे.” मग त्यानं हिल्माच्या खिडकीच्या खालच्या खाचेत कपभर पाणी ओतलं. पाणी तिथं थोडं थांबलं आणि निवांत आत उतरून गादीवर गेलं. खिडकीत साचलेलं पाणी बाहेर जायला खाचेला बारीक भोकं असतात, ती कोणीतरी पक्की बुजवली होती. ओनी म्हणाला, “ही अक्कल कुणाची?” मी म्हणालो, “आधीच्या मालकाची असेल.” हिल्मा शेजारीच उभी होती.

ओनीनं चाकूच्या टोकानं भोकं मोकळी केली. सोमवारी दिवसभर पाऊस झाला, गादी कोरडी. म्हणजे गळती संपली. फक्त हिल्मा आता म्हणते की तू ती मुद्दाम बुजवली होतीस. मी तिला म्हटलं, झालं गेलं सोडून दे. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही.

तुझा,
रेइनो

ता. क. भोकं मी बुजवली. ट्रेलर आणला त्याच सप्टेंबरात, गांधीलमाश्या शिरू नयेत म्हणून. भोकांचा पावसाशी काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

ता. क. दुसरा. हिल्माला हे सांगायचं माझं धाडस नाही. तेव्हा तू एवढंच कर: तिला फोन करून ‘भोकं मीच बुजवली, चुकलो’ म्हण. दोन वर्षं शिव्या खातोच आहेस, त्यात आणखी एक दुपार. ती लगेच विरघळेल. माझं बर्फात भोक पाडायचं गिरमिट तुझं.

ता. क. तिसरा. आर्वो, हे मी हिल्मा लिहिते आहे. टपालाची तिकिटं माझ्या पर्समध्ये असतात, म्हणजे प्रत्येक पत्र माझ्या हातूनच जातं, हे या माणसाला चाळीस वर्षांत उमगलेलं नाही. सगळं वाचलं. तुला नको नको ते बोलले, माझं चुकलं. गिरमिट घे, ते मी दिलं असं समज. रविवारी आइलीला घेऊन जेवायला ये. आपण तिघं घरात बसू, रेइनोचं ताट ट्रेलरमध्ये पाठवीन. पण ये रे. दोन वर्षं फार झाली.