चमकी आता निघणार नाही

अनीश,
नाकाच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात चाललेय. आमटी गरम करून घे, भाकऱ्या फडक्यात आहेत.

नाकावर पुटकुळी आलीय असं मी तुला म्हणाले, ते खोटं होतं. तुझे बाबा गेले तेव्हा बायकांनी माझी चमकी उतरवली होती. गेल्या महिन्यात नाक पुन्हा टोचून घेतलं आणि तीच घातली. पण तू कामावरून यायच्या आत रोज काढून ठेवायची, सकाळी तू गेलास की परत घालायची. त्यानंच ते पिकलं. डॉक्टर लई रागावले. म्हणाले, जखम भरेपर्यंत चमकीला हात लावायचा नाही.

आता भरल्यावरही काढणार नाही. मोहोळच्या लग्नाला अशीच येणार. तुला लाज वाटली तर तू मागं बस की. मी पुढंच बसणार.

आई