अर्धा ऐकलेला आक्षेप

ता. ९ ऑक्टोबर, गुरुवार

तीर्थरूप मामा,

नमस्कार. आधी 'साष्टांग' लिहिलं होतं, ते खोडलं. खाडाखोड मला सहन होत नाही, तरी कागद बदललेला नाही. आई बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल. मामीला नमस्कार सांगा, तिचा यात काही दोष नाही.

तुमच्या पुस्तकाची मुद्रितं तुमच्या दुरुस्त्यांसह छापखान्यात परत आली. मालकांनी ती माझ्याच टेबलावर ठेवली. "घरचं काम आहे, डोळ्यांत तेल घालून तपास," म्हणाले. मी तपासली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका फारशा नाहीत.

प्रस्तावनेत तुम्ही लिहिलंय, 'माझे कैलासवासी मेहुणे यांचे सततचे प्रोत्साहन'. मामा, प्रोत्साहन? बाबांनी तुम्हाला प्रोत्साहन दिलं? बाबांनी तुम्हाला झोपू दिलं नाही! सातव्या प्रकरणात तुमच्या-त्यांच्या वादाची एक टीप होती. तिच्यावर तुम्ही काट मारलीत आणि समासात लिहिलंत, 'जुने वाद उगाळू नयेत. मरणाबरोबर वैर संपते.' वैर होतं कुठे? वैर असतं, तर तुम्ही दर रविवारी आमच्याकडे जेवायला आला असता का?

तुम्ही विसरला असाल, म्हणून लिहितो. तुमच्या पुस्तकातलं ते जुनं नगर शत्रूने जाळलं, असं तुम्ही म्हणायचात, कारण खणताना राखेचा थर लागला होता. बाबा म्हणायचे, ती राख भट्ट्यांची; नदीने पात्र बदललं आणि लोक हळूहळू उठून गेले. तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक, ते शाळेत भूगोल शिकवणारे. "दाजी, तुम्हाला नदीपलीकडे काही दिसतच नाही," तुम्ही ओरडायचात. "आणि मेहुणे, तुम्हाला कुठे धूर दिसला की लगेच सैन्य दिसतं!" शेजारच्या काकूंनी एकदा आईला हळूच विचारलं होतं, "जमिनीवरून चाललंय का हो दोघांचं?" आई म्हणाली, "हो, पण तिथे राहणारे मरून दोन हजार वर्षं झाली."

आणि तुमचा दोघांचा नियम. ज्याच्यावर टीका लिहिली, त्याला ती समोर बसवून पूर्ण वाचून दाखवायची आणि मगच इतिहासाच्या त्रैमासिकाकडे छापायला पाठवायची. तुमच्या किती लेखांतली वाक्यं आमच्या बैठकीतच मेली आणि किती तिथेच सुधारली! तुमच्या पुस्तकात मात्र मत ऋतूसारखं आपोआप बदलतं. 'पुढे विचारान्ती माझ्या लक्षात आले.' मामा, मतं अशी बदलत नाहीत. कोणीतरी गचांडी धरावी लागते. ज्याने धरली त्यालाच तुम्ही गाळलंत. बाबांनी स्वतःचं पुस्तक लिहिलं नाही, नुसते आक्षेप लिहिले. वाद काढून टाकला तर बाबा उरतात कुठे? तुमच्या आभारांत, हार घातलेल्या फोटोसारखे?

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. ही नोकरी तुमच्या शब्दावर लागली, हे आठवलं. नववीत शाळा सुटलेल्या मुलाला मुद्रितं तपासायला कोण देतं? तरी पुढचं लिहितो.

बाबांचा शेवटचा लेख तुम्ही अर्धाच ऐकलात. राखेतल्या मडक्यांचे तुकडे भाजताना बिघडलेले आहेत, म्हणजे तिथे भट्ट्याच होत्या, इथवर ते आले आणि तुम्ही उठलात. "बरं वाटत नाहीये," म्हणालात. आई चहा घेऊन दारात उभी होती. पुढच्या रविवारी तुम्ही आला नाहीत, आणि नंतर कधीच आला नाहीत. आई म्हणायची, "अहो, द्या ना आता पाठवून." बाबा म्हणायचे, "नाही. त्यांनी पुरतं ऐकलेलं नाही." अंथरुणाला खिळल्यावरही त्यांचं हेच. फाटक वाजलं की मान वळवायचे. दूधवाला असायचा.

तुमच्या सातव्या प्रकरणात आता ती राख भट्ट्यांची आहे. नदीही सरकली आहे. 'विचारान्ती'. जेवढं ऐकलंत तेवढं शब्दन् शब्द घेतलंत.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. उरलेला अर्धा बाबांनी मला वाचून दाखवला. मला सगळं कळलं असं नाही. पण तो भाग सुरू होतो तो असा: 'इथवर मेहुणे कुठे चुकले ते पाहिले. आता मी कुठे चुकतो ते पाहू.' नदी गेल्यानंतर त्या लोकांनी नगरातच नव्या विहिरी खणल्या होत्या, खोल आणि पक्क्या बांधलेल्या. उठून जाणारा माणूस विहीर खणत नाही. म्हणजे नदी हेही खरं कारण नाही. मग कोणतं? बाबांना सापडलं नाही. शेवटची ओळ आहे, 'याचे उत्तर मेहुणेच देऊ शकतील.'

म्हणून ते वाट पाहत होते. तुम्हाला हरवायला नव्हे. तुम्ही चहा पिऊन होईपर्यंत बसला असतात तर!

मी गप्प बसलो, तर तुमचं पुस्तक बाबांनी स्वतःच मोडलेल्या मतासकट छापून येईल. परवा रागाच्या भरात ठरवलं होतं, येऊ दे. मग बाबांचा नियम आठवला. मालकांना मी सांगितलंय, सातवं प्रकरण अडलंय. त्यांनी कारण विचारलं. "लेखकाने पुरतं ऐकलेलं नाही," म्हणालो. ते संतापलेत. नोकरी राहील की नाही माहीत नाही, पण ती टीप मी गाळलेली नाही.

त्रैमासिकाला पाठवायला लेखाची स्वच्छ प्रत केली आहे. येत्या रविवारी ती घेऊन तुमच्याकडे येतो. पहिल्यापासून वाचीन. वाचताना माझा आवाज कापेल, त्यावर हसलात तरी चालेल. ओरडा, टेबलावर हात आपटा, मला अडाणी म्हणा. फक्त मध्येच उठू नका.

बाबांची जागा रिकामी राहू नये म्हणून,
तुमचा प्रतिपक्षी
भाचा