अपूर्वाच्या मोबाईलने लावलेला पियानो

सोमवार, १५ एप्रिल
कानाने नाही, मोबाईलने! आमची सून पियानोचे सूर मोबाईलने लावते. बहुतेक पट्ट्यांना तीन तीन तारा असतात. तिन्ही अशा मिळायला हव्यात की एकच तार वाजतेय असं वाटावं. किंचित फरक राहिला की सूर डुलतो. तो डोल ऐकत ऐकत घालवायचा—मी एकेचाळीस वर्षं हेच केलं. अपूर्वा मात्र स्क्रीनवर हिरवा दिवा कधी लागतो ते बघत बसते.

कॉलेजच्या सभागृहातला मोठा पियानो आता माझ्याच्याने होत नाही, गुडघे वाकत नाहीत. तो अपूर्वाकडे सोपवायचा की बाहेरच्या कुणाकडे, हे शनिवारपर्यंत कळवायचंय. हिच्याकडे? मोबाईलकडे? बायको, पद्मजा, म्हणाली, चार हाका मारल्याशिवाय तुम्ही चहाला येत नाही, आणि म्हणे कान!

मंगळवार, १६
अपूर्वाने कोथरूडला उत्कर्षाबाईंचा पियानो लावला. मला म्हणाली, उद्या जाऊन ऐकून या.

बुधवार, १७
ऐकला. डुलतोय! एकूण एक पट्टी! इतका आनंद झाला की लिहायला लाज वाटते. लगेच तारा ताणायचा पाना काढला आणि घाम पुसत तीन तासांत अर्धा पियानो पुन्हा लावला. डोल पूर्ण जाईना. पण मशीनने घातलेला घोळ एका दिवसात थोडाच निस्तरतो?

रात्री जेवताना सगळ्यांना भाषण दिलं. अपूर्वा "बरं, बाबा" म्हणाली आणि आमटी वाढली.

गुरुवार, १८
उरलेला अर्धा लावायला गेलो. अकराला वीज गेली. डोक्यावरचा पंखा मंदावला—आणि डोलही मंदावला! पंखा थांबला, डोल थांबला! कालही पंख्याची पातीच सूर कापत होती. लावण्याआधी पंखा बंद करायचा, हे मीच अपूर्वाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

तिच्या उरलेल्या पट्ट्या वाजवून बघितल्या. स्वच्छ! माझ्या सगळ्या रडक्या. उत्कर्षाबाई म्हणाल्या, "काका, परवा बरा होता हो."

शुक्रवार, १९
अपूर्वाला सगळं सांगितलं, पंख्यासकट. हसली नाही. पाना घेऊन कोथरूडला गेली आणि सगळं निस्तरून आली. पद्मजा अजून हसतेय.

शनिवार, २०
सभागृहासाठी कॉलेजला अपूर्वाचं नाव कळवलं. मग लक्षात आलं—काल तिचा मोबाईल दिवसभर घरीच, फ्रिजवर चार्जिंगला होता. विचारलं. म्हणाली, "मंगळवारीही कानानेच लावला होता, बाबा. म्हणून तर तुम्हाला ऐकायला पाठवलं."