दुकानातला माझा फोटो

१२ जुलै

ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

दुकानात लावलेल्या माझ्या फोटोकडे बघून लोक हळहळतात, ते का? काल भर वर्गात मला हे विचारलं गेलं आणि उत्तर देता आलं नाही. तुला येत असेल तर कळव.

झालं असं, की फार्मसीच्या पहिल्या वर्षाला मी औषधविक्रीचे नियम शिकवत होते. पहिलाच नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला, की जिथे औषध माणसाच्या हातात पडतं तिथे फार्मासिस्ट स्वतः उभा पाहिजे. लिहून वळले तर मागच्या बाकावरची एक मुलगी हात वर करून उभी. ही आपल्याच गावची निघाली. सारखी पेन्सिल कुरतडते म्हणून तिला सगळे खारूताई म्हणतात. ती म्हणाली, की गेल्या आठवड्यात सुट्टीला गावी गेली तेव्हा वडिलांच्या गोळ्या आणायला ती आपल्या दुकानात गेली होती. तिथे पदवीचा गाऊन घातलेला माझा मोठा फोटो आहे. त्याच्यासमोर एक म्हाताऱ्या बाई डोळे पुसत म्हणत होत्या, की इतक्या लहान वयात मरण यायला नको होतं. मग या मॅडम कोण, असं तिला विचारायचं होतं. वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. मीही हसले आणि फळा पुसायला लागले.

दादा, जूनमध्ये मी इकडे शिकवायला निघाले तेव्हा तू म्हणाला होतास, की चष्मेवाली एक फार्मासिस्ट मुलगी ठरली आहे, दुकानाच्या परवान्यावर तिचं नाव लागलं की माझं निघेल. ती आली ना? मग भिंतीवर अजून मी कशी?

बाकी मी मजेत आहे. आमच्या विभागात एक खोटं दुकान आहे. काउंटर, काचेची कपाटं, औषधांचे रिकामे खोके, सगळं अक्षरवार लावलेलं. मुलं आळीपाळीने रोगी आणि फार्मासिस्ट होतात. परवा एक लंबूटांग्या रोगी झाला आणि इतका मनापासून खोकला, की समोरची फार्मासिस्ट मुलगी घाबरून त्याला पाणी द्यायला धावली. खडूने हात कोरडे पडतात, पायांत गोळे येतात, तरी बरं वाटतं. दुकानात मी एका वेळी एकाच माणसाला सांगू शकत होते. इथे एका वेळी साठ जणांना सांगते, आणि ते पुढे किती जणांना सांगतील! हस खुशाल.

आईला नमस्कार, बाळाला पापा. लोभ आहेच, तो डोससारखा वेळच्या वेळी पोचू दे.

तुझी,
छोटी

२० जुलै

चि. प्रोफेसरीणबाईंस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आई म्हणते तुझं अक्षर बारीक झालंय, म्हणजे तू नीट जेवत नाहीस. बाळाने पत्राचा एक कोपरा खाल्ला, त्यामुळे पायांत काय आले ते नीट वाचता आलं नाही.

तुझी चष्मेवाली आली होती. पाठ असलेली खुर्ची, डोक्यावर पंखा आणि रविवारी सुट्टी, एवढं मागून दुकानाकडे एक नजर टाकली आणि गेली ती गेलीच. दुसरा एक आला. तो म्हणाला की नुसतं सर्टिफिकेट टांगा, मी महिन्यातून एकदा तोंड दाखवून जाईन. मी म्हटलं, तसली एक आमच्या घरचीच आहे, आणि ती तोंडसुद्धा दाखवायला येत नाही.

आता फोटोचं ऐक. आपल्या मोठ्या बाई, शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, एकदा ऐन गर्दीत आल्या आणि हल्ली आपली मुलगी दिसत नाही म्हणाल्या. तू शिकवायला गेलीस असं सांगितलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, की मग औषधं कोण बघून देतंय. त्यांचा आवाज तुला माहीत आहे, आख्ख्या गल्लीची हजेरी घेतील. म्हणून मी गप्प राहिलो आणि फोटोकडे बघितलं, एवढंच. बाईंनी त्याचा भलताच अर्थ घेतला. मटकन स्टुलावर बसल्या. आजारी होती का, असं विचारलं. त्यांचे डोळे भरलेले बघून माझी मान आपोआप हलली. त्यानंतर मी काय करणार, तुला चारचौघांत जिवंत करणार? तेव्हापासून लोक दुकानात हळू बोलतात आणि कोणी नको ते विचारत नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तीही निवळली. तुझं आयुष्य वाढलं असं समज.

आणि एक विसरू नकोस. शाळेची बस चालवायची सोडून मी हे दुकान टाकलं ते तुझ्या सर्टिफिकेटवर. घरातली पहिली पदवी म्हणून तो फोटो मीच मोठा करून आणला होता. शटर वर गेलं तर घरात चूल पेटते. कोणीतरी मिळेपर्यंत तू भिंतीवर जरा कळ काढ.

लोभ वाढवावा, आणि मास्तरकी करताना अंगातला विनोद मारू नये.

तुझा,
दादा

२ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून खाली ठेवलं आणि साबणाने हात धुतले. दोनदा धुतले. मला मारलंस त्याचं मला काही नाही. शिसारी आली ती तुझ्या त्या मान हलवण्याची. एक म्हातारी माझ्यासाठी रडते आहे आणि तू तिच्यासमोर पुढच्या गिऱ्हाइकाच्या गोळ्या कापतो आहेस, हे मला ताटावर बसलं की दिसतं. घास फिरतो तोंडात.

विभागप्रमुखांकडे सल्ला मागायला गेले. ते संत्रं सोलत होते. ऐकून इतके हसले, की बी घशात अडकली. मग म्हणाले की त्यांचं स्वतःचं सर्टिफिकेट मेव्हण्याच्या दुकानात आहे, ते दुकान त्यांनी अजून बघितलेलं नाही, आणि मेव्हण्याने निदान फोटो लावायचं सौजन्य तरी दाखवायला हवं होतं. संत्र्याचे हात त्यांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांना पुसले. शेजारचे दोघे सहकारीही आपापल्या सर्टिफिकेटांच्या भिंती सांगायला लागले, कोणाची कुठल्या गावी. पिवळे डाग पडलेला तो गठ्ठा घेऊन मी बाहेर आले. तो मलाच तपासायचा होता.

वर्गात विचारलं, की शिकून कोणाला काय व्हायचंय. पुढच्या बाकावर एक हुशार मुलगा बसतो, ज्याची वही मी इतरांना दाखवते. तो शांतपणे म्हणाला, की व्हायचं काही नाही, वडिलांनी त्याच्या सर्टिफिकेटसाठी दुकान बघून ठेवलं आहे, तो स्वतः गाड्यांच्या धंद्यात पडणार. दादा, माझ्या मरणावर लोळून हसणारा वर्ग यावर हसला नाही. एकीने ते वहीत टिपून घेतलं. मला वाटलं होतं की साठ जण पुढे सांगत जातील. हो, सांगतील, हे सांगतील.

आमच्या खोट्या दुकानात खोके रिकामे असतात, पण औषध देणारा शिकलेला तरी असतो. तुझ्या खऱ्या दुकानाबद्दल मला तेवढंही म्हणता येत नाही. महिनाअखेरपर्यंत कोणी मिळालं नाही, तर मिळेपर्यंत शटर खाली ठेव. हे मी विनोदाने लिहीत नाही.

आणि मोठ्या बाईंचा बिस्किटांचा डबा. सगळ्या गोळ्या त्यात घालून त्या आणायच्या आणि काउंटरवर उपडा करायच्या. मी एकेक पट्टी बघून परत भरायची. त्या रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. तिच्यावर गुडघेदुखीची जोराची गोळी पडली तर पोटात रक्तस्राव होतो. हे मी त्यांना दर वेळी सांगायची, आणि एकदा सांगितलेलं मला कळतं, असं त्या दर वेळी म्हणायच्या. आता डबा कोण उघडतं? तू उघड. गुडघ्यासाठी काही मागितलं तर देऊ नकोस, डॉक्टरकडे पाठव.

आईला नमस्कार. लोभ आहे म्हणूनच एवढं कडू लिहिलं.

छोटी

२१ ऑगस्ट

वन्संना,
स. न. वि. वि.

बाळ आत्ताच झोपलंय, तेवढ्यात लिहिते. मोठ्या बाई इस्पितळात आहेत. वाचतील असं डॉक्टर म्हणतात, म्हणून आधी ते लिहिलं.

गुडघा धरला म्हणून त्या दुकानात आल्या आणि काहीतरी जोराचं द्या म्हणाल्या. डबा पिशवीत होता. आता दाखवायचा तरी कोणाला, असं म्हणून त्यांनी तो बाहेर काढला नाही. यांनीही मागितला नाही, गर्दी होती. आठवडाभर त्या गोळ्या चालल्या आणि मग रक्ताची उलटी झाली. हे म्हणतात वय झालं, या वयात असं व्हायचंच. मला राहवेना. मी त्या गोळ्यांच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचला. मग गल्ल्यातून तुमचं पत्र काढलं. वन्सं, यांनी ते पत्र पुरतं वाचलंच नव्हतं. हात धुतल्याचं वाचलं, चेहरा पडला, घडी घालून गल्ल्यात टाकलं. डब्याचं मी वाचलं ते पहिल्यांदा.

परवा बाईंचा मुलगा आला. परगावी असतो, तुम्हाला ओळखत नाही. त्याने पट्टी काउंटरवर आपटली आणि इथला फार्मासिस्ट कोण असं ओरडून विचारलं. यांनी नुसतं बोट वर केलं, तुमच्या फोटोकडे. रांगेतल्या कोणीतरी त्याला हळूच सांगितलं, की ती बिचारी वारली. त्याने पट्टी उचलून खिशात घातली. माफ करा, असं यांना म्हणाला आणि निघून गेला. मी दुकानातून घरात जायच्या दारात उभी होते. तो माफी मागत होता तेव्हा मी दार ओढून घेतलं.

हे मनाने वाईट नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगणार. रोज संध्याकाळी फळं घेऊन इस्पितळात जाऊन बसतात. घरी येऊन ताट पुढे सरकवतात. पण सकाळी शटर वर करतातच. मी एकदा बंद ठेवू या म्हटलं, तर म्हणाले की बंद ठेवलं तर लोक विचारतील.

हे पत्र लिहिल्याचं त्यांना सांगू नका. किंवा सांगा. आता मला त्याचं काही वाटेनासं झालंय. लोभ आहे तो रागातही राहू द्यावा.

तुमची,
वहिनी

३० ऑगस्ट

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

भिंत रिकामी दिसली असेल. चोर आला नव्हता, मी आले होते.

रजा मागायला गेले तेव्हा विभागप्रमुखांनी विचारलं, की घरात कोणी वारलं का. म्हटलं, हो, मी. या वेळी ते हसले नाहीत.

आधी इस्पितळात गेले. मोठ्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा खडूसारखा. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग माझं मनगट धरून ठेवलं आणि म्हणाल्या, की त्यांच्या शाळेत इतके दिवस गैरहजर राहिलं की घरून चिठ्ठी आणावी लागायची, माझी कुठे आहे. मी रडले. मग सगळं सांगितलं. फोटोचं, मान हलवल्याचं, गोळ्यांचं. त्यांचा मुलगा खिडकीशी उभा होता, त्यानेही ऐकलं. तो काय करेल ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. बाई नंतर एवढंच म्हणाल्या, की तू रोज येऊन बसतोस पण डोळ्याला डोळा देत नाहीस, आणि त्यांना वाटायचं की बहिणीचं दुःख अजून ताजं आहे. म्हणून त्या तुझीच समजूत घालत होत्या.

दादा, हे ऐकल्यावर मला तुझी शिसारी आली आणि माझीही आली. माझ्या पत्रात हात धुतल्याचं आधी होतं आणि डब्याचं शेवटी. आधी काय सांगायचं आणि मागून काय, एवढंच तर फार्मासिस्टचं काम. मी तेच उलटं केलं आणि तू अर्ध्यावर वाचणं सोडलंस. बाईंच्या उशाशी डबा होता. पलंगावर उपडा करून एकेक पट्टी बघितली आणि काय कशावर चालत नाही ते मोठ्या अक्षरांत लिहून झाकणाच्या आत चिकटवलं. एकदा सांगितलेलं मला कळतं, असं त्या या वेळी म्हणाल्या नाहीत.

घरी आले तेव्हा तू माल आणायला गेला होतास. तू असतास, बाळ तुझ्या कडेवर असतं, तर माझ्याच्याने काही झालं नसतं, म्हणून थांबले नाही. फोटो आणि सर्टिफिकेट मीच उतरवलं. वहिनींनी फक्त स्टूल धरलं, ते डगमगतं म्हणून. त्यांना एक शब्द बोलू नकोस. आईने काच पुसली, फोटो कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि मी जेवले का ते विचारलं. मी जेवले. बऱ्याच दिवसांनी घास तोंडात फिरला नाही.

शटर खाली गेलं की घरात काय होतं, ते मला कळतं. मी त्याच घरात वाढले. तू बस पुन्हा चालवशील की बाईंच्या मुलाच्या पाया पडशील, ते मला सांगता येणार नाही. मला माझ्यापुरतं जे करता येत होतं ते मी केलं आहे. तुझ्या रागाला मी तयार आहे. लोभ मागायला आज तोंड नाही, पण सवयीने मागते.

तुझी,
छोटी

ता. क. दुकानातून निघून औषध परवान्यांच्या कार्यालयात गेले. आजपासून मी या दुकानाची फार्मासिस्ट नाही, असं अर्जात लिहिलं, आणि त्याखाली, जूनपासूनच नव्हते, असंही लिहिलं. कारकून म्हणाला की पहिलं वाक्य पुरे, दुसऱ्याने माझीच नोंदणी आणि नोकरी दोन्ही अडचणीत येतील, खोडून टाका. त्याने पेन पुढे केलं. मी घेतलं नाही. त्याने शिक्का मारला.