चवळीची उपाशी ओळ

भवानी पेठ, सोलापूर

तीर्थस्वरूप सौ. सावित्रम्मा अक्कास धाकट्या महेश्वरीचे शरणू शरणार्थी.

गुडघा कसा आहे? लेप लावतेस, की डबी उशाशी ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? वैरागची हवा तुला मानवते, तेव्हा खणखणीतच असशील. इकडे आम्ही मजेत आहोत. (हे आज लिहिते आहे. मागच्या आठवड्यात लिहिलं असतं तर खोटं ठरलं असतं.)

आमची सून सिद्धेश्वरी लग्नानंतरही एम.एस्सी. करते आहे, हे तुला ठाऊकच आहे. भाऊबंद कुरकुरले, पण मीच म्हटलं, सून शिकली तर काय घराचं छप्पर उडतं? तर तिच्या प्रकल्पासाठी गच्चीवर चवळीची रोपं लावली होती. झाडाची संप्रेरकं कोवळ्या पानातल्या पेशींना काय सांगतात, हा विषय. पान इवलंसं असतं तेव्हा एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा होत राहतात. मग शेंड्याकडून देठाकडे हे विभागणं थांबत येतं, आणि पुढं पेशी नुसत्या फुगतात, तसं पान मोठं होतं. म्हणजे भाकरीसारखंच की, आधी गोळे करायचे, मग थापायचे. सायटोकायनिन नावाचं संप्रेरक म्हणजे दारात उभी राहून 'थापू नका, अजून गोळे करा' म्हणणारी सासू. (हे उदाहरण माझं. सिद्धेश्वरीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.)

ती माहेरी अक्कलकोटला लग्नाला गेली आणि जाताना मला सांगून गेली, की लाल दोऱ्याच्या ओळीवर त्या सायटोकायनिनचं औषध फवारा, दुसऱ्या ओळीवर नुसतं पाणी. अक्का, मठात दासोहाच्या पंगतीला वाढणारा हा हात! एका ओळीला खीर आणि समोरच्या ओळीला पाणी, असा पंक्तिप्रपंच माझ्यानं होईना. ती बिचारी रोपं माझ्याकडे बघत होती. (रोपं बघत नाहीत, हे मलाही कळतं.) मी दोन्ही ओळींना रोज पोटभर औषध दिलं आणि खाली येऊन समाधानानं चहा घेतला.

सिद्धेश्वरी परत आली, कॉलेजात पानांची साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या, तर दोन्ही ओळी सारख्याच. तिला वाटलं, औषधानं काहीच होत नाही, आपलंच सगळं चुकलं, वर्ष वाया गेलं. जेवण टाकलं. 'शिक्षण सोडते' म्हणाली.  परातीत पीठ तसंच ठेवून मी तिला सगळं सांगितलं.  तशी ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आत्या, उपाशी ओळ पायजेच की ओ! ती हाय म्हणून तर कळतंय, जेवलेल्या ओळीला काय झालं ते." आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिचं काही चुकलं नव्हतं, माझी माया आडवी आली होती, एवढंच. तिच्या सरांनी मुदत वाढवून दिली आहे. नवी चवळी उगवली, पोरीनं दोन भाकरी खाल्ल्या आणि मला लई बरं वाटलं बघ.

घरातल्या लहानांना आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार.

तुझी,
महेश्वरी

ता. क. खरं काम राहिलंच. नवी रोपं फवारणीला येतील नेमकी तेव्हाच सिद्धेश्वरीला कॉलेजातर्फे पुण्याला जायचं आहे. ती पुन्हा माझ्यावर सोपवायला तयार आहे, पण माझाच माझ्या हातावर भरवसा नाही. या खेपेला बिघडलं तर तिचं वर्ष जाईल. म्हणून आमचे हे रविवारी एसटीनं रोपं तुझ्याकडे घेऊन येताहेत. एका ओळीला औषध, दुसरीला पाणी, विसरू नकोस.

आणखी एक ता. क. 'मोठ्या मावशीच का?' असं सिद्धेश्वरीनं विचारलं. मी म्हटलं, आमच्या अक्कानं दिवाळीला एकाच पंगतीत थोरल्या जावयाला तुपाची वाटी दिली, धाकट्याला नुसती धार दाखवली, आणि वर त्यालाच 'सावकाश जेवा' म्हणाली. सिद्धेश्वरी म्हणाली, "बास! अशीच माणसं पायजेत शास्त्राला."