झुंज म्हणून लिहिलेलं

६ जाने. ८३, सिंदीजवळ
टोळी आज नाल्याकाठच्या चिंचेवर. अकरा नर, मादी एक नाई. बाई पुण्याहून आलेल्या, वानरांचा अभ्यास करतात. मी चौथीपर्यंतच, पण वानर तोंडावरून वळखतो म्हणून ठेवलं. कोण कोणाजवळ बसला, कोणी कोणाच्या उवा काढल्या, ते कागदावर लिहायचं. तुटकान्या नर लंगड्या नरावर दोनदा चढला. लिहिलं, झुंज. बाईमाणसाच्या कागदावर दुसरं काय लिहू?

९ जाने.
बाबांचं कार्ड. पोरगी पाहून ठेवली, लवकर ये. बाबाले लिहिता येत नाई, कार्ड शेजारचा दिगूच लिहितो. माझं उत्तरही तोच वाचून दाखवणार. म्हणजे माझ्या लग्नाचा सांगावा त्याच्या हातचा. अक्षर नेहमीसारखंच, कुठं अडखळलं नाई. तीन हिवाळे आम्ही दोघांनी एका मचाणावर तूर राखली. म्हणून तर इतक्या दूर आलो.
उत्तर लिहिलं नाई.

१३ जाने.
सापडलो. बाई मागंच उभ्या होत्या.
"वसंतराव, ही झुंज? दात दाखवले कोणी? पळालं कोणी?"
"नाई."
"मग?"
"मारुतीची जात आहे बाई. असं कसं लिहू?"
हसल्या नाईत. सगळे जुने कागद काढले, लाल पेन्सिल घेतली. ही? चढला. ही? ही खरी झुंज. ही? चढला. दुपार गेली. मले एकूणएक आठवत होतं.

१४ जाने.
संक्रांत. बाईंनी तिळगूळ दिला. धीर करून इचारलं, हे असं काऊन करतात?
म्हणे, थोडं रक्तातून येत असेल, थोडं संगतीनं. नक्की अजून कोणालाच ठाऊक नाही.
म्हटलं, पण अशानं पिल्लं तर होत नाईत. मग पिढ्यान् पिढ्या टिकलं कसं?
बाई माझ्याकडं पाहतच राह्यल्या. "तेच तर शोधायला आले मी. पुढे हेच नर माद्यांकडेही जातात, पिल्लं होतात. आणि जवळ बसणारे मोठ्या नराच्या अंगावर एकमेकांसाठी धावून जातात. आपल्याहून जुनं आहे हे."
मामा आठवला. जन्मभर एकटा. मायचा सख्खा भाऊ.

२० जाने.
तीन कार्डं फाडली. दिगू, तू हे बाबाले वाचू नको, असं लिहिलं की पुढं काय लिहू?

२७ जाने.
बाबांनी दिगूलेच पाठवलं, मले न्यायले. सकाळी टेशनावर उभा.
"काय बे, वानरात राहून पार वानर झाला तू!"
वाळला आहे. मले हसू आवरेना.
मळ्यात आणलं. तुटकान्या न् लंगडा कडुलिंबावर होते. मग तेच. मी खाली न पाहता सांगितलं, हे रोजचं आहे. यात लाज नाई. बाई म्हणतात आपल्याहून जुनं आहे.
दिगूची बिडी इझली, तरी तोंडात.
"तुह्या बाईले कोणी मारत नाई असं बोलल्यावर?"
"नाई."
"गाडी कितीची?"
"चारची."
"अन् उद्या?"
"उद्याही चारचीच."
हे लिहितो तं तो नाल्यात पाय धुऊन राह्यला. पिशवी माझ्यापाशी ठेवून गेला. टेशन इथून तासाभराच्या वाटेवर. तीन वाजून गेले.